एकदा विचारावं, मग दिवस मोजावेत

मैत्रिणींनो, देवापुढे चिठ्ठ्या टाकून कधी एखादा निर्णय घेतला आहे का तुम्ही? खरं सांगा हं! कोकणात आणि गोव्यात अजूनही देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. चांगली शिकलीसवरलेली माणसं हात जोडून त्या पाकळीकडे बघत बसलेली असतात. माझी समजूत अशी की, त्यांना भविष्य कळायला हवं असतं असं नाही. मनात जी उलघाल चाललेली असते ती कुणीतरी थांबवावी, एवढंच त्यांना हवं असतं.

ही गरज काही फक्त आपलीच नाही. मी घर सांभाळून आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत इतिहास शिकवते. त्या निमित्ताने वाचन होतं, आणि वाचता वाचता मला दोन अगदी दूरदेशीचे कौल सापडले. एक चीनचा, दुसरा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. गेल्या दोन वर्षांत मी ते दोन्ही एकत्र करून माझ्यापुरती एक रीत बसवली आहे. आमचे ‘हे’ तिला ‘तुझी चिनी मिसळ’ म्हणतात. म्हणोत बापडे! तुम्हाला मात्र ती नीट सांगते.

आधी चीन. तिथला ‘यी चिंग’ हा ग्रंथ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या चौ राजवटीतला. त्यात चौसष्ट आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती सहा रेघांची, आणि रेघ दोनच प्रकारची: अखंड किंवा मधे तुटलेली. दोनाचा सहा वेळा गुणाकार करा, चौसष्टच येतात. युरोपातला मोठा गणिती लायब्निझ १७०३ साली या आकृत्यांत आपली द्विमान पद्धती बघून हरखून गेला होता. रिचर्ड विल्हेल्म या जर्मन पंडिताने १९२४ साली या ग्रंथाचं भाषांतर केलं, आणि १९५० साली त्यावरून केलेलं इंग्रजी भाषांतर आलं. त्याला मानसशास्त्रज्ञ युंग यांची प्रस्तावना आहे.

प्रश्न विचारायची जुनी रीत गवताच्या काड्यांची. पन्नास काड्यांतली एक बाजूला ठेवायची, उरलेल्या एकोणपन्नासांचे दोन वाटे करायचे आणि चार-चार काड्या मोजून काढायच्या. सोपी रीत तीन नाण्यांची. छाप्याला तीन गुण, काट्याला दोन. तिन्ही नाणी एकदम टाकली की बेरीज सहा, सात, आठ किंवा नऊ येणार. विषम आली तर रेघ अखंड, सम आली तर तुटकी. असं सहा वेळा टाकायचं आणि रेघा खालून वर काढत जायच्या, घर पायापासून बांधतो तशा. सहा किंवा नऊ आले तर ती रेघ ‘बदलती’ समजायची. ती उलटवली की दुसरी आकृती मिळते. आताची परिस्थिती कुठे कलते आहे, ते ती दाखवते.

आता दुसरं टोक. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे माया लोक राहतात. त्यांचं दोनशे साठ दिवसांचं एक पंचांग आहे. एक ते तेरा आकडे आणि वीस दिवसांची नावं जोडीने फिरत राहतात. तेरा विसे दोनशे साठ दिवसांनी तीच जोडी पुन्हा येते. मेक्सिकोतल्या अझ्टेकांकडेही हीच गणना होती. तिथली माणसं या दोनशे साठ दिवसांचं नातं बाईच्या गरोदरपणाशी जोडतात. हे वाचल्यावर मला ते पंचांग एकदम घरचंच वाटायला लागलं.

मैत्रिणींनो, हे लोक काही पुराणातले नव्हेत बरं का! स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा याने १५६२ साली युकातानमधल्या मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या, तरी डोंगरातली ही गणना बंद पडली नाही. मोमोस्तेनांगो नावाच्या गावात दिवस मोजणारे जाणकार आजही आहेत, आणि त्यांच्यात बायकाही असतात. बार्बरा टेडलॉक या अमेरिकन विदुषी आपल्या यजमानांसह तिथे राहून ही विद्या शिकल्या आणि १९८२ साली त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. तिथल्या वडीलधाऱ्या पुजाऱ्याला, तो पुरुष असला तरी, ‘आई-वडील’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. किती छान, नाही?

हे जाणकार त्सिते नावाच्या झाडाच्या लाल बिया वापरतात. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं. पुढ्यात पसरलेल्या बियांतून मूठभर उचलायच्या, त्यांच्या चार-चारच्या ढिगल्या लावायच्या आणि ढिगलीगणिक एकेका दिवसाचं नाव घेत जायचं. चार-चार! चीनमधल्या काड्याही चारानेच मोजायच्या. या दोन रीतींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण माणूस गोंधळला की हाताने काहीतरी मोजायला लागतो, एवढं मात्र खरं. आपण नाही का काळजीत असलो की तांदूळ निवडायला घेत?

दोन्हींत एक मोठा फरक आहे, आणि माझी रीत त्या फरकावरच उभी आहे. चिनी कौल तुम्ही मागाल तेव्हा मिळतो. माया दिवस मात्र कुणी मागत नाही, तो आपला आपण उगवतो. पहिल्यात प्रश्न आपला, दुसऱ्यात प्रश्न दिवसाचा.

‘यी चिंग’मधली चौथी आकृती अजाण शिष्याची आहे. तिच्यातला उपदेश मला शिक्षिका म्हणून फार पटतो. पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळेल, तेच पुन्हा पुन्हा विचारलं तर नाही. म्हणजे मनासारखं येईपर्यंत नाणी टाकत बसायचं नाही! हे ठीक आहे, पण एकदा विचारून झाल्यावर पुढचे काळजीचे दिवस काढायचे कसे? तिथे मला माया पंचांग उपयोगी पडतं. प्रश्न एकदाच विचारायचा, आणि मग वीस दिवसांचा एक फेरा रोज त्या त्या दिवसाच्या नावाने त्या प्रश्नाकडे बघायचं. संध्याकाळी वहीत चार ओळी लिहायच्या. बस्स.

उदाहरण दिल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही, म्हणून माझंच सांगते. वडील गेल्यावर वर्षाच्या आत दादाचा फोन आला. त्याला कर्ज काढायचं होतं आणि सातबारावर माझं नाव होतं. “तू हक्कसोडपत्रावर सही करून टाक, म्हणजे कटकट मिटेल,” तो म्हणाला. वहिनीने मागून जोडलं, “ताईंना काय कमी आहे!” कायद्याने मला समान हक्क आहे हे मला ठाऊक होतं, महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली तशी दुरुस्ती झालेली आहे. पण कायदा माहीत असणं निराळं आणि माहेर तुटेल या भीतीने रात्री जागणं निराळं. सही केली तर मनात अढी राहणार, नाही केली तर भाऊबीज जाणार. यातून आपल्या कितीजणी गेल्या असतील!

मी नाणी टाकली. तिसऱ्या खेपेला तिन्ही छापे पडले. आकृती आली अठ्ठेचाळिसावी, विहिरीची. तिचा आशय असा की, वस्त्या येतात-जातात, पण विहीर जागेवर राहते. मात्र दोर अपुरा पडला किंवा घागर फुटली तर पाणी असून उपयोग नाही. त्यातली बदलती तिसरी रेघ उपसून स्वच्छ केलेल्या विहिरीची, जिचं पाणी कुणीच भरत नाही. वाचून माझे डोळे भरून आले. लेकी म्हणजे दुसरं काय असतं हो? ती रेघ उलटवली की एकोणतिसावी आकृती येते, पाण्यावर पाणी. धोका आहे, तेव्हा मन स्वच्छ ठेवून पाण्यासारखं पुढे जा, असं तिचं सांगणं.

तो दिवस माया गणनेत निघाला ‘कात’, म्हणजे जाळं. मी वहीत लिहिलं: मला कशाकशाने अडकवलं आहे? तिसऱ्या दिवशी ‘कामे’, मृत्यू. त्या दिवशी मी फक्त वडिलांबद्दल लिहिलं, जमिनीचं नावही काढलं नाही. मग ‘कानील’, मक्याचं बी: शेतात घाम कुणी गाळला? दादाने. ते प्रामाणिकपणे लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी ‘तोह’, देणं फेडण्याचा दिवस: कोण कुणाचं काय लागतं? या एका प्रश्नाला दोन पानं लागली. पुढे ‘आहमाक’ हा पूर्वजांच्या आठवणीचा आणि क्षमेचा दिवस, आणि त्याच्या पाठोपाठ ‘नोह’, विचाराचा. त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं की, मला जमीन नको होती, पण माझं नावच नको असं कुणी म्हणायलाही नको होतं. आणि आईची काळजी तर होतीच.

विसावा दिवस उलटल्यावर मी दादाला फोन केला. म्हटलं, “कर्जाच्या कागदांवर संमतीची सही लागेल तिथे देते. हक्कसोड मात्र नाही. आई आहे तोवर घर विकायचं नाही, आणि तिची खोली तिचीच राहील.” तो बराच वेळ गप्प होता. मग “बघू,” म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे दोन महिने बोलणं नव्हतं. भाऊबीजेला आला तो. उशिरा आला, जेवायला थांबला नाही, पण आला. आईची खोली अजून तिचीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही अंधश्रद्धाच की! नाण्यांना माझा भाऊ कसा ठाऊक असणार? अहो, नसतोच. तीन छापे एकदम पडण्याची शक्यता आठात एक, हे मी स्वतः मुलांना शिकवू शकेन. नाण्यांनी उत्तर दिलं नाही. मला ज्या बाजूने बघायचं धाडस होत नव्हतं ती बाजू समोर धरली. आणि वीस दिवसांनी मला घाई करू दिली नाही. ‘लगेच सांग’ म्हणणाऱ्याला ‘थोडे दिवस दे’ म्हणता येणं हीच बाईच्या जातीला मोठी शक्ती.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. आजारपणाचा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, कागदपत्रांचा वकिलाला, नाण्यांना नव्हे. दिवस मोजताना किचे लोकांची खरी गणना पाहा. होझे आर्ग्वेयेस यांची ‘ड्रीमस्पेल’ नावाची गणना माया म्हणून खपवली जाते, पण ती २९ फेब्रुवारी मोजतच नाही, त्यामुळे मूळ गणनेशी जुळत नाही. आणि ही मिसळ आपल्या वहीपुरतीच ठेवा. त्या लोकांचं पंचांग त्यांच्या डोंगरांशी, पूर्वजांशी बांधलेलं आहे. आपण त्यांच्या ओसरीवर पाहुण्या; पाणी पिऊन यावं, घागर घेऊन येऊ नये.

बाकी लागतं काय? रुपयाची तीन नाणी, शंभर पानी वही आणि रात्री भांडी आवरल्यावरची दहा मिनिटं. पहिल्या पानावर प्रश्न एका वाक्यात लिहा. तो एका वाक्यात मावला, तर निम्मं काम तिथेच झालं असं समजा.