बाकावरची पोरं

पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. ही नावं मुळात तालमींची. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमींच्या नावानं पुढं कोल्हापूरचं फुटबॉलही वाढलं. शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच असली की गावात दुसरा विषय नसतो. कोण जिंकलं हे मैदानाकडं न फिरकलेल्या माणसालाही अर्ध्या तासात कळलेलं असतं.

अशा गावात मी बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. इथं पोराला खेळाची गोडी लावावी लागत नाही. काका खेळलेला असतो, थोरला भाऊ खेळत असतो, कुणाच्या तरी माळ्यावर जुनी जर्सी जपून ठेवलेली असते. या वारशाचं मला मोल आहे. मात्र त्याच्याबरोबर मोठ्यांची ईर्षाही पोराच्या अंगात येते. दहा वर्षांचं पोर मैदानात उतरतं तेच पेठेची अब्रू डोक्यावर घेऊन. मग त्याच्या मॅचला मोठ्यांच्या मॅचचे कायदे लागू होतात. त्यातला पहिला कायदा असा की चांगले तेवढे खेळवायचे, बाकीच्यांनी बाकावर बसायचं.

त्या बाकाविषयी मला बोलायचं आहे.

कुठल्याही लहान गटाच्या स्पर्धेत राखीव पोरांकडं नीट बघा. बहुतेक अंगानं बारीक असतात. जर्सी गुडघ्यापर्यंत, मोजे वर ओढून ओढून शिनगार्डवर बसवलेले, बूट एक नंबर मोठा, कारण पुढच्या वर्षीही तोच वापरायचा आहे. मॅच सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं ती जीव तोडून ओरडतात. मग हळूहळू बाटलीच्या टोपणाशी खेळायला लागतात. शेवटची तीन मिनिटं उरली आणि आपण तीन-शून्यनं पुढं असलो, तर त्यांतल्या एखाद्याला ‘उठ, वॉर्मअप कर’ असं सांगितलं जातं. त्या तीन मिनिटांत त्याच्या पायाला बॉल लागला तर लागला. घरी जाऊन मात्र तो ‘मी खेळलो’ असंच सांगतो.

ही पोरं कच्ची म्हणून बाकावर असतात, असं सगळे धरून चालतात. पण वयोगट ठरतो १ जानेवारीच्या हिशेबानं. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघं कागदावर एकाच वयाचे. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे जवळजवळ आयुष्याचा दहावा हिस्सा. तेवढ्यात खांदा भरतो, पाय लांब होतो, किक मैदानाच्या मध्यापर्यंत जायला लागते. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासताना रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हे मांडलं. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या योगायोगानं पडावी त्याहून कितीतरी जास्त होती. पुढं युरोपातल्या फुटबॉल अकादम्यांतही तेच दिसलं. मोठं दिसणारं पोर निवडलं जातं, म्हणून जास्त खेळतं, आणि जास्त खेळतं म्हणून खरंच चांगलं होतं. पाच वर्षांनी आपण म्हणतो, बघा, आमची पारख बरोबर होती.

आपल्याकडं यात जन्मदाखल्याची भानगडही मिसळते. खोट्या तारखेचा, दोन वर्षांनी मोठा पोरगा समोर उभा राहतो आणि त्याला धडकून आपला डिसेंबरवाला पडतो. पडतो तो पडतो, वर ‘अंगात दम नाही’ असा शेराही त्यालाच मिळतो.

बारीक पोराला अंगानं झुंजता येत नाही, म्हणून ते दुसऱ्या वाटा शोधतं. माझ्याकडं डाव्या बाजूला खेळणारा एक मुलगा आहे. बॉल त्याच्याकडं यायला निघाला की तो आधी उजव्या खांद्यावरून मागं बघून घेतो. मग अंग अर्धं वळवतो आणि बॉल लांबच्या पायावर घेतो. बॉल थांबतो तेव्हा त्याचं तोंड समोरच्या गोलकडं झालेलं असतं आणि त्याला अडवायला धावत आलेला धिप्पाड पोर त्याच्या मागं राहिलेला असतो. हे मी सगळ्यांनाच शिकवतो. लवकर शिकला तो हाच, कारण त्याला गरज होती. धक्का बसायच्या आत बॉल घेऊन निघायला हवं, हे त्याच्या अंगाला कळलं होतं. पण हे अंगी मुरायला चुरशीच्या मॅचमधली मिनिटं लागतात. समोर खरा विरोधक हवा, हरण्याची खरी भीती हवी. सरावात कोन मांडून त्यांच्यामधून बॉल काढण्यानं ते येत नाही.

म्हणून माझ्या संघात सगळे खेळतात. शेवटची तीन मिनिटं नव्हे, किमान अर्धी मॅच. समोर कुणीही असो. लहान गटात बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा स्पर्धेला देता येते. मोठ्यांच्या नेहमीच्या सामन्यात ती नसते. २०१७ पासून खेळाच्या नियमावलीनंच हे दार राष्ट्रीय संघटनांना उघडून दिलं आहे. या वयाला चार नंबरचा बॉल द्यायचा तोही याच विचारानं. तो साडेतीनशे ते तीनशे नव्वद ग्रॅमचा, मोठ्यांचा पाच नंबर चारशे दहा ते साडेचारशेचा. मैदान लहान, संघ लहान, बॉल हलका. ही सगळी सोय एवढ्यासाठीच, की प्रत्येक पोराच्या पायाला बॉल जास्त वेळा लागावा. इतकं सगळं लहान करून पुन्हा निम्मी पोरं बाकावर बसवली, तर ती सोय कुणासाठी केली?

हे पालकांच्या गळी उतरवणं सोपं नाही. एका स्पर्धेत उपांत्य फेरीला आम्ही एक-शून्यनं पुढं होतो. दुसऱ्या अर्ध्यात ठरल्याप्रमाणं बाकीची पोरं आत गेली आणि बरोबरी झाली. चुन्याच्या रेषेबाहेरून एका वडिलांचा आवाज आला, “सर, त्येला काढा की आता! मॅच हातातनं चाललीय.” ज्याला काढायचं होतं तो पंधरा पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. बॉल सोडून माझ्याकडं बघितलं. मी त्याला हातानंच खूण केली, खेळ. मॅच आम्ही हरलो. नंतर त्या वडिलांशी बोललो. म्हणालो, “दादा, पुढच्या मॅचला तुमचं पोरगं दुसऱ्या अर्ध्यात असणार आहे. तेव्हा कुणी असं ओरडलं तर चालेल का?” ते काही बोलले नाहीत. पोरगं मात्र त्यांनी काढून घेतलं नाही, आणि यालाच मी मोठी गोष्ट मानतो.

मलाही जिंकायचं असतं. पेठेत वाढलेल्या माणसाला हरणं सहज पचत नाही. पण कोल्हापूरच्या फुटबॉलवर खरंच प्रेम असेल, तर बारा वर्षांखालच्या करंडकापेक्षा वीस वर्षांचा खेळाडू मोलाचा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या गावचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत खेळला. त्या गटाला हिशेब होता १ जानेवारी २००० चा, आणि अनिकेत जुलैमधला. एका उदाहरणानं सिद्धांत ठरत नाही, हे मला कळतं. तरीही दरवर्षी निवड चाचणीच्या वेळी, तारखेच्या रकान्यात नोव्हेंबर-डिसेंबर दिसला की माझी पेन्सिल थांबते. या पोराला अजून थोडं बघू, असं म्हणून मी त्याला पुन्हा मैदानात पाठवतो.

आता एक मागणी आहे, आणि ती नुसती माझ्या संघापुरती ठेवून भागणार नाही. मी एकट्यानं सगळ्यांना खेळवलं आणि समोरच्यानं निवडक सात-आठ पोरंच पळवली, तर माझी पोरं उगाच हरत राहतील, आणि दरवेळी त्या राखीव पोरांकडंच बोट दाखवलं जाईल. म्हणून लहान गटाच्या स्पर्धांच्या प्रवेशअर्जावरच एक ओळ छापायला हवी: यादीतला प्रत्येक खेळाडू किमान अर्धी मॅच खेळेल, नाहीतर गुण समोरच्या संघाला. आयोजक म्हणतात, एवढा हिशेब ठेवणार कोण? रेषेजवळ टेबल असतंच. तिथं वही घेऊन एक माणूस बसवा. कोण कितव्या मिनिटाला आत गेला, कोण बाहेर आला, एवढंच त्यानं लिहायचं. माणूस मिळत नसेल तर आमच्या पालकांतले दोघं-तिघं हे काम करायला तयार आहेत. त्यांत ते उपांत्य फेरीतले वडीलही आहेत.