अंधाराची राखण

लडाखच्या पूर्व भागात, लेहपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, हानले नावाचे खेडे आहे. सतराव्या शतकातील मठ, कुरणात चरणारे याक आणि विरळ घरे, दिवसा येथे दिसते ते एवढेच.

रात्र पडली की मात्र गावकरी खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतात, बाहेरच्या दिव्यांवर झाकणे घालतात. अन्यत्र गावात दिवे आले की आनंद होतो. येथे अंधाराची राखण केली जाते! कारण जवळच्या सरस्वती पर्वतावर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोल वेधशाळा आहे. दोन मीटर व्यासाचा आरसा असलेली तेथील दुर्बीण शास्त्रज्ञ बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहाच्या साहाय्याने चालवितात. हवा कोरडी व विरळ, आकाश बहुधा निरभ्र. परंतु दिव्यांचा उजेड वाढला, तर या साऱ्याचा उपयोग काय? म्हणून २०२२ साली भोवतालचा १,०७३ चौरस किलोमीटर प्रदेश अंधाऱ्या आकाशासाठी राखून ठेवण्यात आला. गावातील काही स्त्रीपुरुषांना शिक्षण व लहान दुर्बिणी मिळाल्या. आता ते पाहुण्यांना तारे दाखवितात आणि त्यावर चार पैसे मिळवितात. कवींचा लाडका पूर्णचंद्र तेवढा येथे नकोसा असतो.

आश्विनातील एका अमावास्येला शहरातून आलेला एक मुलगा अंगणात कुडकुडत उभा होता. “ताई, काहीच दिसत नाही!” असे म्हणून त्याने विजेरी लावली. सर्वांनी एकदम डोळे मिटले. दुर्बिणीजवळची तरुणी रागावली नाही. ती म्हणाली, “डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, बाळ. आता सगळ्यांनाच पुन्हा थांबावे लागेल.”

मुलगा ओशाळला. त्या थंडीत कोणी काही बोलले नाही. हळूहळू डोंगरांच्या कडा उमटल्या. मग आकाशगंगेचा धुरकट पट्टा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत उजळला. तारे इतके, की ओळखीची नक्षत्रेही त्या गर्दीत हरवली. तरुणीने एक पुसट ठिपका दाखविला. ती देवयानी दीर्घिका होती. तिचा जो प्रकाश त्या क्षणी मुलाच्या डोळ्यांत शिरत होता, तो सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला होता.

परतताना वाट अंधारीच होती. विजेरी खिशात असूनही त्याने ती काढली नाही. आईचा हात धरून तो चालला, आणि मान वर असल्यामुळे दोनदा अडखळला.