गाईची जीभ

मुलांनो, गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताला विळखा घालते, खालचे दात नि वरची टणक हिरडी यांत ते धरते आणि मान झटकून तोडते.

१९६२ साली अलिबागजवळ आमच्या आजोळी गाय व्याली. वासरू निपचित पडलेलं. मी रडू लागले. आजी म्हणाली, "थांब गं, तिला चाटू दे." खरखरीत जिभेने चाटून चाटून तिनं वासरू कोरडं केलं; अंगात ऊब आली, श्वास चालू झाला.

पुढे इस्रायलला येऊन मी नर्स झाले. एका रात्री जन्मलेलं बाळ रडेना. टॉवेलने त्याची पाठ चोळता चोळता तीच गाय आठवली. बाळ रडलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.