आपल्या पेठेतली शाळा

दहावीचा निकाल लागला त्याच रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "मला अकरावी नको. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करणार." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. सायन्स, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग, असं आमचं कधीच ठरून गेलं होतं.

तिचे मामू जेवायला होते. ते हसले. "डिप्लोमा म्हणजे मिस्त्रीगिरी. मुलीच्या हातात पाना देणार का?"

अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात ताटातच थांबला. तीस वर्षं त्यांनी लेथवर काढली. आम्ही मात्र पाहुण्यांना नेहमी एवढंच सांगत आलो, "अब्बा कंपनीत होते." टर्नर हा शब्द आम्ही जिभेवर येऊ दिला नाही.

सकाळी चहा घेताना अब्बांनी विचारलं, "शिवाजीनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज कुठं सुरू झालं, ठाऊक आहे? आपल्या भवानी पेठेत." आम्हाला खरं वाटेना. म्हणून शोधून वाचलं, तर अब्बांचंच बरोबर निघालं.

१८५४ साली पुण्यात एक छोटी शाळा उघडली, 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायला सरकारला हाताखालची माणसं हवी होती. साहेब नव्हे, साहेबाच्या हाताखाली काम करणारी माणसं तिथं घडवायची होती. १८६५ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांनी नव्या इमारतीची पायाभरणी केली. १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली. १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' हे नाव पडलं. आणि २०२२ मध्ये त्याच संस्थेचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. ओव्हरसिअर घडवणारी शाळा आता स्वतः पदव्या देते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. खडकवासला धरणावर पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये बसवले. त्याच धरणाचं पाणी आज आपल्या पुण्याच्या नळाला येतं.

हे सारं मुलीला वाचून दाखवलं. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, "कागदावर दरवाजा काढणारा एक, लोखंड कापून तो बनवणारा दुसरा. दुसऱ्याचा हात चुकला, तर पहिल्याचा कागद काय कामाचा?"

आम्ही चौकशी केली. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे वाट बंद होत नाही. शिवाय मुलगी वर्कशॉपमध्ये हातानं काम शिकेल, ते वेगळंच. पण खरं सांगायचं तर अडचण वाटेची नव्हतीच. आम्हाला लाज वाटत होती, आणि ती लाज अब्बांना इतकी वर्षं दिसत होती.

पॉलिटेक्निकचा फॉर्म आम्ही भरला. गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "मुलीला ही आवड कुठून लागली?"

आम्ही म्हणालो, "आजोबांकडून. आमचे अब्बा टर्नर होते."

अब्बांनी पेपरमधून मान वर केली नाही. पण पान उलटायचं ते विसरले होते.