कोणते पान काढावे?

लिनक्सचे कर्नेल मेमरीचा हिशेब पानांनी ठेवते. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर एक पान, म्हणजे पेज, ४ किलोबाइटचे असते. १६ जीबी रॅममध्ये अशी सुमारे ४२ लाख पाने मावतात. सर्व्हर सुरू होऊन काही दिवस झाले की त्यांतली रिकामी फार थोडी उरतात, कारण डिस्कवरून एकदा वाचलेले पान पुन्हा लागेल म्हणून कर्नेल ते धरून ठेवते; हीच कॅशे. त्यामुळे ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी मेमरी नगण्य दिसली तरी घाबरायचे कारण नसते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. रोज रात्री क्रॉन लावून कॅशे रिकामी करण्याची प्रथा तर सकाळच्या कामाचे नुकसानच करते.

जागा संपत आली की काढायचे कोणते पान, याचे आदर्श उत्तर आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्येच मांडले: ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार आहे, ते. पुढचे कोणालाच दिसत नसल्याने कर्नेल मागच्या वापरावरून अंदाज बांधते. पण प्रत्येक वापराची वेळ टिपणे परवडणारे नाही. प्रोसेसर एवढेच करतो, की पानाला हात लागला की पेज टेबलातील त्याच्या नोंदीत एक बिट लावतो. कर्नेल अधूनमधून तो बिट तपासते आणि पुसते. पुढच्या फेरीलाही तो कोराच असेल, तर ते पान काढण्याजोगे ठरते.

नागपुरात धंतोलीला रुग्णालयांची दाटी आहे. त्यांपैकी एखाद्याच्या सर्व्हरचा दिवस पाहिला तर पुढचा भाग नीट कळतो. ओपीडी चालू असताना रुग्णनोंदींची तीच ती पाने सतत वाचली जातात. रात्री बॅकअप सुरू होतो आणि एक्स-रे, सोनोग्राफीच्या प्रचंड फायली ओळीने, प्रत्येकी एकदाच वाचल्या जातात. नुसते ‘सर्वांत जुने ते बाहेर’ असे धोरण असते, तर पहाटेपर्यंत सगळी मेमरी एक्स-रेंनी भरली असती आणि सकाळची पहिली रांग डिस्कची वाट पाहत ताटकळली असती. म्हणून लिनक्स दोन याद्या ठेवते, सक्रिय आणि निष्क्रिय. फायलीतून वाचलेले नवे पान आधी निष्क्रिय यादीत येते. तिथे असताना पुन्हा वापरले गेले तरच सक्रिय यादीत चढते. बॅकअपची पाने खालूनच येतात आणि खालूनच जातात.

याला एक अडचण उरते. निष्क्रिय यादी आखूड पडली, तर खरोखर लागणारे पानही दुसऱ्या वापराआधीच बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. २०१४ च्या ३.१५ आवृत्तीत योहानेस वाइनर यांच्या कामातून यावर उपाय आला. पान काढताना त्याच्या जागी एक खूण ठेवली जाते. तोवर किती पाने निघाली, याचा आकडा तीत असतो. पान परतले की आजच्या आकड्यातून तो वजा करायचा. आणखी किती जागा असती तर हे पान टिकले असते, ते या फरकावरून कळते. तेवढी जागा सक्रिय यादीकडे असेल, तर परतलेले पान थेट तिथे जाते. आपला निर्णय चुकला का, हे कर्नेल इथे स्वतःच तपासते. या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर विचार हाच.

पान काढण्याची किंमतही सारखी नसते. फायलीतले न बदललेले पान सरळ टाकून देता येते. बदललेले आधी डिस्कवर लिहावे लागते. प्रोग्रॅमने स्वतः घेतलेल्या मेमरीला मात्र स्वॅपखेरीज, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेखेरीज, जाण्याची जागा नसते. म्हणून २००८ पासून, २.६.२८ आवृत्तीपासून, फायलींची पाने आणि प्रोग्रॅमची मेमरी या दोन प्रकारांच्या याद्या वेगळ्या आहेत. ‘स्वॅपिनेस’चा आकडा त्यांच्यातला तोल ठरवतो, तो मुळात ६० असतो. स्वॅप अजिबात न ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो चुकीचा आहे. तसे केल्यास महिनोन्‌महिने न वापरलेली पाने अडून बसतात आणि सारा ताण फायलींवर येतो, त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही आला. अँड्रॉइड फोनमध्ये स्वॅप म्हणून रॅमचाच एक भाग दाबून साठवण्यासाठी, म्हणजे झेडरॅमसाठी, वापरतात, तो याचसाठी.

मोकळी पाने ठरावीक रेषेखाली गेली की ‘के-स्वॅप-डी’ हा कर्नेलचा पडद्यामागे चालणारा सफाईदार जागा होतो आणि वरच्या रेषेपर्यंत जागा करून झोपतो. मागणी त्याच्याहून वेगाने वाढली, तर पान मागणाऱ्या प्रोसेसलाच थांबून सफाई करावी लागते. सर्व्हर अडखळतो तो इथे. ‘व्हीएमस्टॅट’मधले स्वॅपचे दोन्ही रकाने सतत हलू लागले, तर रॅम खरोखरच अपुरी आहे असे समजावे.

डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत गूगलमधील यू झाओ यांची नवी पद्धत आली. तीत दोन याद्यांऐवजी पानांच्या पिढ्या असतात, जास्तीत जास्त चार, आणि सर्वांत जुनी पिढी आधी तपासली जाते.

एवढे करूनही जागा निघाली नाही, तर कर्नेलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखादी प्रोसेस मारतो. बहुधा सर्वांत जास्त मेमरी व्यापणारी निवडली जाते आणि रुग्णालयाच्या सर्व्हरवर ती डेटाबेसचीच असण्याची शक्यता दाट. पोस्टग्रेस चालवणाऱ्याने मुख्य प्रोसेसचा ओओएम समायोजनाचा आकडा उणे १००० करून ठेवावा, म्हणजे ती या निवडीतून वगळली जाते.