क्लच आणि गिअरबॉक्समधील तेलाचे वाचन

बालाघाटच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात: उत्तरेला गेवराई-माजलगावकडचा गोदाकाठचा सखल प्रदेश आणि दक्षिणेला पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे पठार. या दोन भागांत ये-जा करणाऱ्या गाडीला मांजरसुंबा किंवा धारूरसारखा घाट चढावा-उतरावा लागतो आणि त्या चढणीवर, विशेषतः उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे गेलेला असताना, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर मोठा ताण येतो. एमएच-२३ आणि एमएच-४४ क्रमांकांच्या जुन्या सुमो, बोलेरो, काळ्या-पिवळ्या जीप आणि मारुती ८०० येथे अजूनही घरची व धंद्याची गाडी म्हणून चालवल्या जातात. त्यामुळे क्लच आणि गिअरबॉक्समधील द्रवांची निगा हा येथील मिस्त्रीच्या विद्येचा कणा ठरतो.

या निगेत दोन अगदी भिन्न द्रवांचा संबंध येतो. सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत क्लच सहसा हायड्रॉलिक असतो, म्हणजे पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब येतो, तो दाब नळीतून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि तेथील दांडा रिलीज बेअरिंगला ढकलून क्लच प्लेट मोकळी करतो. त्यात भरतात ते ब्रेक ऑईलच होय. मारुती ८०० मध्ये मात्र हेच काम तारेची केबल करते, त्यामुळे तिच्या क्लचमध्ये द्रवच नसतो आणि निगा केबलच्या स्थितीपुरती व पेडलच्या मोकळ्या चालीपुरती राहते. दुसरा द्रव म्हणजे गिअर ऑईल. जुन्या गिअरबॉक्समध्ये सहसा पंप नसतो. फिरणारे दातेच ते उडवून सर्वत्र पोहोचवतात, म्हणून त्याची पातळी थोडी जरी उतरली तरी वरचे बेअरिंग आणि दाते कोरडे पडू लागतात.

ब्रेक ऑईल खनिज तेलापासून बनत नाही; ते ग्लायकॉल जातीचे असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश धरली जाते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ब्रेकइतकी उष्णता क्लचच्या नळीत निर्माण होत नसली, तरी शोषलेले पाणी सिलिंडरच्या आतील गुळगुळीत भिंतीला गंजवते, त्या खरबरीत भिंतीवर रबरी वायसर घासतो आणि गळती सुरू होते. म्हणून साधारण दोन वर्षांनी, द्रव काळपट दिसू लागला तर त्याआधीच, तो पूर्ण बदलून नळीतील हवा काढावी. त्यात चुकूनही इंजिन ऑईल घालू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते आणि सिलिंडरमधील रबरी भागांचे संपूर्ण किट निकामी होते.

या द्रवाच्या पातळीतही एक सूचना दडलेली असते. ब्रेकचे लायनर झिजले की टाकीतील पातळी हळूहळू उतरते; आपोआप जुळवून घेणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मात्र प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि द्रव किंचित वर ढकलला जातो. म्हणून क्लचच्या स्वतंत्र टाकीतील पातळी उतरली, तर ती झीज नसून गळती आहे असे समजावे आणि टाकी नुसती भरून न देता गळतीची जागा शोधावी. पेडल दोन-तीन वेळा मारल्यावरच गिअर पडत असेल, तर दोष बहुधा द्रवात शिरलेल्या हवेचा किंवा सिलिंडरचा असतो. उलट चढणीवर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर क्लच स्लिप मारत आहे आणि झिजलेली प्लेट द्रव बदलल्याने सुधारत नाही. या दोन लक्षणांतील फरक ओळखला, तर मालकाचा अनावश्यक खर्च वाचतो.

गिअर ऑईलच्या निवडीत सर्वांत जास्त चुका होतात, कारण जाडी आणि दर्जा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ८०डब्ल्यू-९० हा आकडा जाडी सांगतो, तर जीएल-४ आणि जीएल-५ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे दर्जे दात्यांवरील दाबापासून मिळणारे संरक्षण दाखवतात. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण बरेच अधिक असते व मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधील एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या दात्यांना त्याची गरज असते. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या असतात. गिअर पडण्यापूर्वी दोन चक्रांचा वेग जुळवण्यासाठी त्यांना नेमके घर्षण हवे असते, आणि जीएल-५ मुळे ते घर्षण कमी होऊ शकते व काही प्रकारांत पितळाची झीजही होते. म्हणून वरचा दर्जा अधिक चांगला हा समज येथे लागू पडत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा दिला आहे तोच वापरावा आणि हाउसिंगच्या ऑईलचा डबा गिअरबॉक्सजवळ आणू नये.

ऑईल बदलताना क्रमाचा विचारही आवश्यक आहे. गाडी थोडी चालवून ऑईल कोमट करावे, ती सपाट जागी उभी करावी आणि आधी भरण्याचा नट सैल होतो याची खात्री करून मगच खालचा नट काढावा. अन्यथा रिकाम्या झालेल्या गिअरबॉक्समध्ये नवे ऑईल भरण्याची वाटच बंद राहते. यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे, आणि ते म्हणजे काढलेले ऑईल वाचणे. चुंबकी नटावर चिकटलेला बारीक करडा लेप ही स्वाभाविक झीज असते, पोलादाचे टोकदार तुकडे दात्याचा किंवा बेअरिंगचा ऱ्हास दाखवतात, सोनेरी कण पितळी कड्यांची झीज सुचवतात, आणि दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. सिंदफणा किंवा बिंदुसरेला पूर आला असताना पुलावरच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे पाणी हवा जाण्याच्या वाटेने आत येते. ज्या मिस्त्रीने हे लक्षण न पाहता नवे ऑईल भरले, त्याने डबा विकला, पण गाडीची तपासणी केली नाही.

जळक्या ऑईलची विल्हेवाट हादेखील या विद्येचाच भाग मानला पाहिजे. ते वाळवीसाठी लाकडाला लावणे, सेंट्रिंगच्या फळ्यांवर ओतणे किंवा गॅरेजमागच्या मातीत सोडणे सर्रास चालते; परंतु ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर आटतात, तेथे उरलेले पाणी दूषित करण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा असून तो परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्रांकडेच गेला पाहिजे, म्हणून झाकणाच्या डब्यात साठवून ते तेथवर पोहोचवण्याची सोय गॅरेजने करावी.

जुन्या गाडीची किंमत बाजारात कमी असली, तरी दवाखान्याची, लग्नकार्याची आणि शेतमालाची ने-आण तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबासाठी ती मोठी असते. तिच्या निगेला महागड्या यंत्रापेक्षा योग्य दर्जाचे ऑईल, ठरलेल्या वेळी केलेली तपासणी आणि बाहेर आलेल्या द्रवाकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय यांची अधिक गरज आहे. ही सवय गॅरेजमधील तरुण मुलांना नट काढण्याच्या कसबाबरोबरच शिकवली गेली, तरच ही विद्या पुढे टिकेल.