डबा उठला, आतल्या झोपलेल्याच

मैत्रिणींनो, माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी ह्यांच्या आवाजातलं भक्तामर ऐकतात. हे जाऊन चार वर्षं झाली. ती रेकॉर्डिंग आणि माझे घरखर्चाचे हिशोब मुलाने घरच्या छोट्या सर्व्हरवर ठेवलेत.

परवा लाइट गेली, आली. सर्व्हर सुरू झाला, पण आवाज येईना. सासूबाई हातात माळ धरून तशाच बसून राहिल्या.

रात्री मुलाला फोन लावला. म्हणाला, "आई, त्या डब्यात प्रॉक्समॉक्स आहे आणि त्याच्या आत दोन व्हर्च्युअल मशीन. डबा उठला तरी सांगून ठेवल्याशिवाय त्या उठत नाहीत. ते सांगायचं माझ्याकडून राहिलं."

मग तो सांगत गेला, मी करत गेले. दोन्ही मशीनच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'स्टार्ट ॲट बूट' समोर 'नो' होतं, ते 'येस' केलं. 'स्टार्ट/शटडाउन ऑर्डर'मध्ये फाइली सांभाळणारीला 1 नंबर दिला, रेकॉर्डिंग ऐकवणारीला 2. पहिलीला 'स्टार्टअप डिले' 60 सेकंद, म्हणजे ती सुरू झाल्यावर मिनिटभराने दुसरी उठते. बंद होताना क्रम उलटा. मला लगेच पटलं. आधी रोजकीर्द, मग खतावणी, हे कॉमर्सला शिकलेच होते की!

शेवटी सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून पाहिला. कशाला हात न लावता दोन्ही सुरू झाल्या.

तुमच्याही मुलांनी घरी असं काही बसवलं असेल, तर एकदा रीस्टार्ट करून बघाच. लाइट जायची वाट बघू नका.

दुसऱ्या संध्याकाळी ह्यांचा आवाज आला. सासूबाईंनी डोळे मिटले, माळ फिरू लागली.